६४ एमबीची वर्ड फाईल: शिरोलीतल्या एका फौंड्रीचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली एक मध्यम फौंड्री, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारा कारखाना. ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न या बीडाच्या दोन प्रकारांचं कास्टिंग, शेजारच्या शेडमधे स्वतःचं छोटं मशीन शॉप. नाव सांगत नाही, पार्ट कुठला होता तेही सांगत नाही. कोल्हापुरात अशा फौंड्र्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित एमआयडीसी अशा सगळीकडं आहेत आणि बऱ्याच जणांचं गिऱ्हाईक म्हणजे गाड्यांचे पार्ट बनवणारी कंपनी. आता अशा पार्टीला नवीन पार्ट द्यायचा तर कास्टिंग चांगलं निघून भागत नाही, सोबत पीपॅपचे कागद जातात, म्हणजे हा पार्ट आम्ही नीट बनवू शकतो हे दाखवून मंजुरी घ्यायचा संच. पीपॅपमधे एकूण १८ घटक असतात, प्रोसेस फ्लो, पीएफएमईए (प्रोसेसमधे काय बिघडू शकतं त्याचा अभ्यास), कंट्रोल प्लॅन, डायमेन्शनल रिपोर्ट, मटेरियल टेस्ट वगैरे, आणि वेगळं काही ठरलं नसेल तर लेव्हल ३ धरतात म्हणजे जवळपास सगळंच द्यावं लागतं. ज्यांचं हे रोजचं काम आहे त्यांना सांगायला नको.

या पार्टीची एक जादा मागणी होती. सगळ्या प्रोसेसचं चित्रांसहित एक वर्णन वर्डमधे द्या, आमचा सप्लायर क्वालिटीचा माणूस त्याच फाईलीत रिमार्क लिहिणार, ते सगळे मिटले की मग सहीची पीडीएफ. म्हणजे "पीडीएफ पाठवून मोकळे व्हा" हा रस्ता पहिल्यांदाच बंद.

या वर्ड फाईलीत काय काय होतं ते बघा, कारण पुढचं सगळं यावरच आहे. प्रोसेस फ्लो व्हिजिओमधे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या आकृत्या काढायच्या प्रोग्राममधे, काढलेला. शॉपचा लेआउट आणि कास्टिंगचं ड्रॉइंग ऑटोकॅडमधून. मोजमापांची टेबलं एक्सेलमधून. मेथडिंगवाल्यानं (धातू साच्यात कसा भरायचा ते ठरवणाऱ्यानं) दिलेली सिम्युलेशनची रंगीत चित्रं, रायझरमधे, म्हणजे साच्यातल्या जादा धातूच्या जागेत, शेवटी कुठं गोठतंय ते दाखवणारी. मोबाईलवर काढलेले मोल्डिंग आणि फेटलिंगचे (कास्टिंगवरचा जादा धातू काढून साफ करायच्या कामाचे) फोटो. ऑपरेटरसाठी मराठीत काढलेला वर्क इन्स्ट्रक्शनचा तक्ता, कारण आयएटीएफ १६९४९ या गाड्यांच्या पार्टवाल्यांच्या क्वालिटीच्या मानकामधे स्पष्ट आहे की कामाच्या सूचना ज्यानं काम करायचं त्याला समजणाऱ्या भाषेत पाहिजेत. आणि प्रत्येक पानाच्या वर कंपनीचा लोगो, जो कधीकाळी एका प्रेसवाल्यानं कोरलड्रॉमधे करून दिला होता.

फाईल तयार कशी झाली? जशी सगळीकडं होते तशीच. मागच्या जॉबची फाईल उघडायची, सेव्ह अ‍ॅज करायचं, नाव बदलायचं, जुनी चित्रं काढून नवीन टाकायची. ती मागची फाईल तिच्याही मागच्या फाईलीवरून झालेली.

अडचण

फाईल झाली ६४ एमबी. पार्टीच्या पोर्टलला एका फाईलीची मर्यादा १० एमबी, आणि मेल केला तर परत. क्यूएच्या, म्हणजे क्वालिटी विभागाच्या, मॅडमनी जीमेलवरून पाठवून बघितलं तर तिथं २५ एमबीची मर्यादा. इथं एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, मेलमधून फाईल जाताना ती अक्षरांच्या रूपात बदलून जाते आणि त्यात साधारण एक तृतीयांश वाढते, त्यामुळं जिथं १० एमबीची मर्यादा मेल सर्व्हरवर आहे तिथं साडेनऊची फाईल पण अडकू शकते. म्हणजे टार्गेट १० नाही, सातच्या आत पाहिजे.

दुसरा त्रास आकाराचा नव्हता पण तितकाच वाईट. लेआउटच्या पानावर आलं की वर्ड अडकायचं, माऊस फिरत राहायचा, कधी कधी फाईल आपोआप बंद. मॅडम त्या पानावर यायच्या आधी सेव्ह करायच्या, सवयच लागलेली.

मॅनेजर साहेबांचं निदान ठरलेलं होतं: "फोटो लई टाकलाय तुम्ही, फोटो कमी करा." सगळीकडं हेच निदान असतं आणि निम्म्या वेळा तरी ते चुकीचं असतं.

आधी करून बघितलेले उपाय

मला बोलावण्याआधी ऑफिसमधे बरंच काही करून झालं होतं आणि ते का चाललं नाही हे सांगणं गरजेचं आहे कारण हेच उपाय सगळे करतात.

पहिला, चित्रांवर क्लिक करून कॉम्प्रेस पिक्चर्स. ६४ ची ५८ झाली आणि तिथंच थांबली. हे बटण फक्त फोटोसारख्या, ठिपक्यांनी बनलेल्या चित्रांवर काम करतं. व्हिजिओ, एक्सेल, ऑटोकॅडचं ऑब्जेक्ट, म्हणजे वर्डच्या आत बसवलेली दुसऱ्या प्रोग्रामची फाईल, असेल तर त्याच्या आतल्या मालाला ते हात लावत नाही.

दुसरा, डिझाइनच्या पोरानं झिप केलं, मग रार केलं. काही फरक नाही. कारण २००७ पासूनची जी डॉकएक्स फाईल आहे ती मुळातच झिप आहे, झिपची परत झिप करून काय सुटणार.

तिसरा, कुणीतरी सांगितलं म्हणून जुन्या डॉक फॉरमॅटमधे सेव्ह केलं. फाईल वाढली. आरटीएफ केलं असतं तर अजून फुगली असती, तिथं चित्राचा प्रत्येक बाइट दोन अक्षरांत लिहितात.

चौथा, फाईलीचे पाच तुकडे. पाठवले पण, पण पानांचे नंबर आणि "आकृती ७ बघा" वगैरे सगळं तुटलं आणि पार्टीकडून उत्तर आलं की एकच फाईल पाहिजे. ड्राइव्हची लिंक द्यायचा विचार झाला, ती पार्टीच्या आयटीनं ब्लॉक केलेली.

या सगळ्यात एक खूण हातात होती आणि ती कुणी वाचली नव्हती. मॅडमनी याच फाईलीची पीडीएफ करून बघितली होती आणि ती सहा-साडेसहा एमबीची झाली होती. पीडीएफ करताना वर्ड प्रत्येक ऑब्जेक्टचं फक्त दिसणारं चित्र घेतं, आतला माल सोडून देतं. मग तेच फोटो, तीच पानं असताना पीडीएफ सहाची आणि वर्ड ६४ ची असेल तर जड काय आहे ते दिसणाऱ्या गोष्टीत नाहीच. फोटो जड असते तर पीडीएफ पण काही प्रमाणात जड झाली असती.

आत काय निघालं

फाईलीची कॉपी केली, कॉपीचं नाव बदलून शेवटी डॉकएक्सच्या जागी झिप लिहिलं आणि उघडली. आत वर्ड नावाचं फोल्डर, त्यात दोन फोल्डर बघायचे, मीडिया आणि एम्बेडिंग्ज. मीडियात फोटो आणि ऑब्जेक्टच्या वरवर दिसणाऱ्या प्रतिमा. एम्बेडिंग्जमधे ऑब्जेक्टचा खरा माल. साइजप्रमाणे लावलं आणि सगळं समोर आलं. दोन-तीन मिनिटांचं काम आहे, याला कुठलं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही.

मीडिया फोल्डर तसं हलकं. एम्बेडिंग्जमधे एकाच एक्सेल वर्कबुकच्या नऊ प्रती. झालेलं असं की मोजमापांची टेबलं नऊ होती, प्रत्येक वेळी एक्सेलमधून दहा-बारा ओळी सिलेक्ट करून वर्डमधे वर्कशीट ऑब्जेक्ट म्हणून पेस्ट केलेल्या. असं पेस्ट केलं की वर्डमधे दिसतात दहा ओळी पण आत जातं अख्खं वर्कबुक, सगळ्या शीटसकट. वाटीभर तांबडा रस्सा मागवावा आणि सोबत पातेलं, चूल आणि आचारी यावा तसा प्रकार, आणि तो नऊ वेळा.

आणि त्या वर्कबुकात शीट कुठली कुठली होती? मोजमापांची होतीच. एक "रेट" नावाची होती. एक कॉस्टिंगची होती, मेल्टिंगचा किलोमागे खर्च, रिजेक्शन किती धरलंय, आणि दुसऱ्या एका पार्टीला काय भाव दिलाय ते सुद्धा. वर्डमधल्या टेबलवर डबल क्लिक केलं की खाली शीटचे टॅब दिसतात, कुणीही बघू शकतं. मॅडम हे बघून गप्पच झाल्या, मॅनेजर साहेबांनी एकच विचारलं, "ह्या आधीच्या जॉबच्या फाईली पण अशाच गेल्यात काय?" तिथून पुढं हे प्रकरण साइजचं राहिलं नाही.

बाकीचा हिशोब भरभर सांगतो. व्हिजिओचा फ्लो इन्सर्ट ऑब्जेक्टमधून क्रिएट फ्रॉम फाईल करून घातलेला, म्हणजे व्हिजिओची पूर्ण फाईल, तिच्यातली बाकीची पानं आणि सगळ्या स्टेन्सिलसकट (तयार आकारांच्या संचांसकट). लोगो कोरलड्रॉचं ऑब्जेक्ट, आणि फाईलीत सेक्शन ब्रेक बरेच असल्यानं प्रत्येक सेक्शनच्या हेडरमधे वेगळा पेस्ट केलेला. सिम्युलेशनची चित्रं पूर्ण स्क्रीनचे स्क्रीनशॉट, वर्डमधे क्रॉप केलेले. क्रॉप केलेला भाग दिसत नाही पण फाईलीत राहतो, आणि इथं तर त्या कापलेल्या भागात शेजारच्या फोल्डरची यादी होती ज्यात दुसऱ्या गिऱ्हाइकांच्या पार्टची नावं होती.

लेआउटच्या पानाचं गौडबंगाल वेगळंच. ते डिझाइनच्या पोरानं आधीच शहाणपणा करून चित्र म्हणून, एन्हान्स्ड मेटाफाईल म्हणून पेस्ट केलं होतं, म्हणजे ठिपके नाहीत, कुठली रेघ कुठं काढायची याची नोंद. आत ऑब्जेक्ट नाही. झिपमधे त्याची साइज पण फार मोठी दिसत नव्हती. पण लेआउटमधे भिंती, वाळूचा ढीग, फर्नेसचा प्लॅटफॉर्म सगळ्याला हॅच, म्हणजे बारीक तिरप्या रेघांचा भराव, भरलेलं, आणि मेटाफाईलमधे हॅचची प्रत्येक बारीक रेघ वेगळी रेघ म्हणून नोंद होते. झिपमधे हे दाबून लहान होतं, पण पान समोर आलं की वर्डला त्या हजारो रेघा परत काढाव्या लागतात. डिस्कवर हलकी आणि उघडली की जड, अशी ही जात.

पर्याय

बसून चार गोष्टी तोलल्या. मी, मॅडम, डिझाइनचा पोरगा, आणि मधे मधे येऊन जाणारे मॅनेजर साहेब.

लिंक करणं. म्हणजे एक्सेल, व्हिजिओ सर्व्हरवरच ठेवायचे आणि वर्डमधे फक्त जोड द्यायची. फाईल हलकी, मूळ ड्रॉइंग बदललं की वर्डमधे अपडेट. डिझाइनच्या पोराला हे आवडलं आणि ऑफिसच्या आत वापरायला हे चांगलंच आहे. पण बाहेर पाठवायला नाही. लिंक केलेल्या ऑब्जेक्टचं शेवटचं चित्र पार्टीला दिसेल पण उघडताना प्रत्येक वेळी लिंक अपडेट करू का म्हणून विचारणार, आणि आपल्या सर्व्हरचा पत्ता त्यांना दिसणार. चित्राला नुसतं लिंक टू फाईल केलं असेल तर चित्र फाईलीत राहतच नाही, तिकडं लाल फुली दिसते. फोल्डरचं नाव बदललं तरी जोड तुटते, आणि आपल्याकडं "नवीन फोल्डर ३" संस्कृती असल्यानं ती तुटणारच.

एम्बेड, म्हणजे ऑब्जेक्ट वर्डच्या आतच ठेवणं पण हलकं करून. म्हणजे हव्या त्या दहा ओळी नव्या वर्कबुकात फक्त व्हॅल्यू म्हणून टाकायच्या आणि ते एम्बेड करायचं, व्हिजिओमधून नको ती पानं आणि न वापरलेले शेप काढायचे, ऑटोकॅडमधे न वापरलेला माल काढणारी पर्ज कमांड द्यायची. हे केलं तर साइज खूप उतरते. मॅडमचा कल इकडं होता कारण पार्टीनं बदल सांगितला की डबल क्लिक करून तिथल्या तिथं दुरुस्ती. माझा याला विरोध होता. दर वेळी प्रत्येक माणूस आठवणीनं साफ करून एम्बेड करेल यावर माझा विश्वास नाही, आणि एकदा विसरलं की परत कॉस्टिंग बाहेर. शिवाय वर्डमधल्या ऑब्जेक्टमधे केलेली दुरुस्ती मूळ फाईलीत जात नाही, महिन्याभरात दोन फ्लो चार्ट तयार होतात आणि खरा कुठला ते कुणालाच सांगता येत नाही.

चित्र करून टाकणं. साइजचा आणि गुप्ततेचा दोन्ही प्रश्न सुटतो, पण वर्डमधून दुरुस्ती बंद. मग प्रश्न येतो चित्र कुठल्या फॉरमॅटचं, त्यावर खाली येतो.

चौथा, पार्टीला समजावून पीडीएफवर आणणं. फोन झाला, ते तयार नाहीत. विषय संपला.

ठरलं ते असं. फाईली दोन. एक घरची, ती सर्व्हरवर, तिच्यात लिंक चालतील. एक जाणारी, तिच्यात एकही ऑब्जेक्ट नाही, सगळं चित्र किंवा वर्डचंच टेबल. मॅडमना विचारलं की पार्टी व्हिजिओवर डबल क्लिक करून स्वतः बदलते का कधी? नाही, ते रिमार्क लिहितात आणि बदल आपणच करतो. मग तिकडं एडिट होणारं ऑब्जेक्ट पाठवायचं कारणच राहत नाही. या एका प्रश्नानं बराच वाद मिटला, तो आधी विचारायला हवा होता.

प्रत्यक्ष काम

पहिलं काम फाईल हलकी करणं नव्हतं, मूळ ड्रॉइंग बाहेर काढणं होतं. प्रत्येक ऑब्जेक्टची मूळ फाईल सर्व्हरवर आहे का ते बघितलं. दोन नव्हत्या. एक फ्लो थेट वर्डमधूनच इन्सर्ट ऑब्जेक्ट करून काढलेला, त्याची वेगळी फाईल कधी झालीच नव्हती, आणि एक जुना फ्लो ज्यानं काढला तो नोकरी सोडून गेलेला. हे दोन्ही डबल क्लिक करून, व्हिजिओत उघडून वेगळे सेव्ह केले. हे न करता आधी चित्र करून टाकलं असतं तर ते दोन फ्लो कायमचे गेले असते. ६४ एमबीची मूळ फाईल पण तशीच ठेवली, फक्त तिला पासवर्डच्या फोल्डरमधे टाकलं.

मग एक्सेलची नऊ टेबलं. ही चित्र केली नाहीत, साध्या वर्डच्या टेबलात पेस्ट केली. रिमार्कवाल्याला आकडे सिलेक्ट करता येतात, शोधता येतात, आणि वजन काहीच नाही. नऊच्या नऊ प्रती गेल्या आणि फाईल एकदम खाली आली, सगळ्यात मोठा फरक इथंच पडला.

व्हिजिओ आणि बाकीच्या ऑब्जेक्टला चित्र करायला एक सोपी युक्ती आहे. वर्डच्या दृष्टीनं ओळीत बसलेलं ऑब्जेक्ट म्हणजे एक फील्ड असतं, मागं कोड असलेली जागा, ऑल्ट आणि एफ९ दाबलं की चित्रांच्या जागी कोड दिसतात आणि कुठं एम्बेड आहे, कुठं लिंक आहे ते लगेच कळतं. एकेक ऑब्जेक्ट सिलेक्ट करून कंट्रोल, शिफ्ट आणि एफ९ दाबलं की फील्ड तुटतं आणि फक्त चित्र उरतं. डिझाइनचा पोरगा म्हणाला, "मग कंट्रोल ए करून एकदमच दाबू की." थांबवलं त्याला. अनुक्रमणिका, आकृत्यांचे नंबर, "पान अमुक बघा" हे सगळं पण फील्डच आहे, ते पण त्याच फटक्यात मेलेला मजकूर होऊन बसलं असतं. वर परत कंट्रोल ए हेडरमधे पोचत नाही, त्यामुळं लोगो तसेच राहिले असते. आणि जे ऑब्जेक्ट मजकुराच्या भोवती तरंगत ठेवलेले असतात ते फील्ड म्हणून दिसतच नाहीत, त्यांना आधी इन लाइन विथ टेक्स्ट करावं लागतं. म्हणून एकेक.

आता फॉरमॅट. इथं सगळ्यांना एकच नियम पाहिजे असतो आणि तो नाहीये.

व्हिजिओचा फ्लो चौकोन आणि बाणांचा, मोजक्या रेघांचा, त्याला मेटाफाईल उत्तम, कितीही मोठं करून बघा रेघ फाटत नाही आणि साइज नगण्य. मायक्रोसॉफ्ट ऑफिसचं नवीन व्हर्जन असेल तर एसव्हीजी (तेही रेघांचंच चित्र) पण चालतं, मात्र वर्ड त्याच्यासोबत एक पीएनजी पण ठेवतं. पार्टीकडं कुठलं व्हर्जन आहे माहीत नव्हतं म्हणून मेटाफाईलवरच थांबलो.

हॅचवाला लेआउट मात्र उलटा, तिथं मेटाफाईल काढून पीएनजी केली. किती मोठी? पानावर चित्राची रुंदी १६ सेंटिमीटर, म्हणजे ६.३ इंच, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) धरलं तर १८९० पिक्सेल. तेवढ्याच रुंदीची प्लॉट केली, त्याहून जास्त ठेवून कागदावर काही जादा दिसत नाही. काळ्या पांढऱ्या रेघांची पीएनजी फार लहान होते. जेपेग केली नाही, जेपेग फोटोला ठीक पण ड्रॉइंगच्या रेघांभोवती आणि बारीक आकड्यांभोवती धूसर डाग येतात, ८ चा ६ वाचला जातो. टॉलरन्सच्या ड्रॉइंगमधे हे परवडत नाही.

मराठी वर्क इन्स्ट्रक्शनला पण पीएनजीच, कारण वेगळं. तो तक्ता जुन्या श्रीलिपी फॉन्टमधे टाइप केलेला. मेटाफाईलमधे अक्षरं अक्षरं म्हणूनच जातात, फॉन्ट समोरच्या मशीनवर नसेल तर "साचा स्वच्छ करणे" च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. आमच्याच ऑफिसातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून खात्री केली, दिसला कचरा. खरा उपाय म्हणजे युनिकोडमधे परत टाइप करणं, पण तेवढा वेळ तेव्हा नव्हता.

सिम्युलेशनची चित्रं आणि फोटो शेवटी. कॉम्प्रेस पिक्चर्समधे डिलीट क्रॉप्ड एरियाज वर टिक आणि २२० पीपीआय. १२ मेगापिक्सेलचा मोबाईल फोटो साधारण ४००० पिक्सेल रुंद असतो, सहा इंचात २२० नं बसवला तर १३२० पुरतात, म्हणजे पिक्सेल नवव्या हिश्श्यावर येतात आणि प्रिंटमधे फरक कळत नाही. मॅनेजर साहेबांचे "लई फोटो" एकही न काढता बसले.

लोगो एकदाच पीएनजी करून पहिल्या सेक्शनच्या हेडरमधे, बाकीचे सेक्शन लिंक टू प्रीव्हियस.

प्रत्येक चित्राच्या खाली बारीक अक्षरांत मूळ फाईलीचं नाव आणि रिव्हिजन नंबर लिहिला. पोरगा कुरकुरला, पण चित्र आणि त्याचं मूळ यांच्यातला धागा आता एवढाच उरलेला.

निकाल

फाईल साडेपाच एमबीच्या आसपास आली, पोर्टलवर चढली, लेआउटच्या पानावर वर्ड अडकणं बंद. पाठवण्याआधी परत झिप करून बघितलं, एम्बेडिंग्ज फोल्डरच नाही. वर्डचं इन्स्पेक्ट डॉक्युमेंट पण चालवलं. ते आत ऑब्जेक्ट असलेली सांगतं, स्वतः काढत नाही, पण शेवटची तपासणी म्हणून बरं आहे.

दहाएक दिवसात पार्टीचे रिमार्क आले, त्यात फ्लोमधे शॉट ब्लास्टिंगनंतर (बारीक गोळ्या मारून कास्टिंग साफ केल्यावर) एक तपासणीची स्टेप वाढवा असं होतं. इथं मॅडमच्या म्हणण्यातला खरेपणा कळला. आधी डबल क्लिक करून दोन मिनिटांत झालं असतं, आता व्हिजिओची फाईल शोधा, बदला, रिव्हिजन वाढवा, परत पेस्ट करा, खालचं नाव बदला. अर्धा तास गेला. मला ही किंमत योग्य वाटते कारण त्यामुळं मूळ फ्लो आणि पाठवलेला फ्लो एकच राहिला, पण किंमत आहे हे मान्य करायला पाहिजे, फुकट काही नाही.

जुन्या फाईलींचं काय? सेंट आयटममधे बघितलं. काही मोठ्या होत्या म्हणून परत आल्या होत्या, काही लहान जॉबच्या मात्र गेल्या होत्या, त्याच वर्कबुकसकट. गेलेलं परत आणता येत नाही. मालकांसमोर दोन मतं पडली. मॅनेजर साहेब म्हणाले गप्प बसू, कोण कशाला डबल क्लिक करतंय. मॅडमचं म्हणणं साफ केलेल्या फाईली सुधारित रिव्हिजन म्हणून पाठवू आणि जुन्या बदलून टाका म्हणून लिहू, कारण न सांगता. मालकांनी मॅडमचं ऐकलं. ज्या पार्टीचा भाव दुसऱ्याच्या फाईलीत गेला होता तिला सांगायचं का यावर चर्चा झाली आणि नको असं ठरलं. मला ते पटलं नाही, तिथंच बोललो, पण निर्णय त्यांचा.

परत करायचं झालं तर

क्रम बदलेन. ऑफिसनं सगळा जोर मेलची मर्यादा कशी ओलांडायची यावर लावला, तुकडे, झिप, ड्राइव्ह. पीडीएफ आणि वर्डच्या साइजमधला फरक पहिल्याच दिवशी बघितला असता तर दुपारपर्यंत निदान झालं असतं. आणि तुकडे करून पाठवलेल्या पाच फाईलींतून पण ते वर्कबुक गेलंच होतं, ते टळलं असतं.

कॉस्टिंग आणि मोजमापं एकाच वर्कबुकात ठेवायचं कारणच नव्हतं. क्यूएला सोयीचं म्हणून कुणीतरी कधीतरी शीट जोडली. आता ती वेगळी केली आहेत, कॉस्टिंगचं फोल्डर फक्त मालक आणि अकाउंट्सकडं. वर्डमधे काय पेस्ट होतं याच्यावर नजर ठेवण्यापेक्षा हे जास्त भरवशाचं आहे.

पेस्ट करतानाची सवय बदलायला सांगितली आहे. कंट्रोल व्ही नाही, पेस्ट स्पेशल, आणि काय म्हणून पेस्ट करतोय ते निवडून. मॅडम आणि त्यांच्या हाताखालची मुलगी करतात. डिझाइनमधे अजून कंट्रोल व्हीच चालतंय, त्यामुळं जाणारी फाईल मॅडमकडून झिप करून तपासल्याशिवाय बाहेर पडत नाही असा नियम केलाय.

सेव्ह अ‍ॅजची पद्धत थांबवायला कोरी टेम्प्लेट करून दिली, लोगो, हेडर, स्टाइल आणि रिकाम्या जागा, बाकी काही नाही. या पार्टीसाठी ती चालू आहे. दुसऱ्या दोन पार्टींच्या फाईली अजून जुन्याच साखळीतल्या आहेत, त्यातली एक ४१ एमबी आहे आणि त्या पार्टीचं पोर्टल मर्यादा घालत नाही म्हणून तिला हात लावायला कुणाला घाई नाही. तिच्यातलं एम्बेडिंग्ज फोल्डर मी उघडून दाखवलंय, सात वर्कबुकं आहेत आत.